फेब्रुवारीतलं गुलमर्ग, हद्दीबाहेरचे उतार: बर्फात खणलेला खड्डा किती सांगतो?

उतरंड

गुलमर्गच्या डोक्यावरच्या अफरवट डोंगरावर, स्की केंद्राच्या हद्दीबाहेरच्या उतारांवरचा हिमस्खलनाचा धोका कसा जोखायचा, यावर मराठीत एका जागी नीट चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढतोय. आमचा गट चार जणांचा आहे, जायचं आहे फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (गाडलेल्या माणसाचा संकेत शोधणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसायची लांब सळई) आणि फावडं आहे, पहिल्या पातळीचं प्रशिक्षण चौघांचंही झालंय.

गोंडोलाचा (रोपवेचा) दुसरा टप्पा साधारण 3,980 मीटरवर सोडतो. स्की पेट्रोल (उतारांची सुरक्षा पाहणारं पथक) सांभाळतं तो भाग ओलांडला की पुढे सगळा निर्णय आपला. डीजीआरई या डीआरडीओच्या संस्थेचं हिमस्खलनाचं बुलेटिन येतं ते जिल्ह्यापुरतं: अमुक जिल्ह्यात 2,800 मीटरच्या वर येत्या 24 तासांत मध्यम धोका, अशा स्वरूपाचं. आल्प्समधल्या बुलेटिनात कोणत्या दिशेचे उतार, कोणती उंची, कुठल्या प्रकारचा थर, हे सगळं असतं. आपल्याला त्यातलं फार थोडं मिळतं.

मग ही उणीव स्वतः खड्डा खणून भरून काढता येईल का? ईसीटी (बर्फाचा खांब मोकळा करून, टपल्या मारून भेग पसरते का पाहायची चाचणी) चांगली आली तर 35 अंशांच्या उतारावर उतरायला हरकत नाही, असं धरून चालायचं का?

हिमकण

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असंच आहे. त्याचं कारण पुढे येईल. आधी तिथला बर्फ समजून घेऊ.

स्लॅब, म्हणजे बर्फाची सलग लादी, सुटायला चार गोष्टी लागतात: एकसंध वरचा थर, त्याखाली कमकुवत थर, पुरेसा उतार, आणि वरून पडणारा भार. उतार नकाशावर दिसतो आणि भार म्हणजे नवा बर्फ, वारा किंवा आपण स्वतः. लपलेला असतो तो कमकुवत थर, आणि तो तयार झाला महिनाभरापूर्वीच्या हवेत. म्हणून गुलमर्गची तयारी डिसेंबरपासून सुरू करा. कधी किती बर्फ पडला, मध्ये किती दिवस कोरडे गेले, पाऊस किती उंचीपर्यंत झाला, याची रोज एका ओळीची नोंद ठेवा.

कोरड्या दिवसांचं एवढं महत्त्व का? जमिनीलगतचं तापमान बहुतेक वेळा 0 अंशाच्या जवळ असतं. वरचा बर्फ रात्री उणे 12 पर्यंत गेला आणि एकूण जाडी 60 सेंमी असेल, तर दर 10 सेंमीला 2 अंशांचा फरक पडतो. दर 10 सेंमीला 1 अंश ही ढोबळ सीमा आहे. त्यापुढे कणांमधली वाफ एका कणावरून उठून दुसऱ्यावर बसते, कण टोकदार होत जातात आणि एकमेकांना धरेनासे होतात. यांना फॅसेट म्हणतात आणि जमिनीलगत ते मोठे झाले की डेप्थ होअर. मुठीत घेतलं तर साखरेसारखं ओघळतं. तेच तापमान आणि जाडी 2 मीटर असेल तर दर 10 सेंमीला फरक 0.6 अंशाचा, म्हणजे कण हळूहळू जुळत जातात. पातळ बर्फाचा हिवाळा जास्त धोकादायक का असतो ते या गणितात आहे.

2024 चा जानेवारी गुलमर्गमध्ये जवळजवळ कोरडा गेला होता, मोठा बर्फ त्यानंतर आला. 22 फेब्रुवारीला खिलनमर्ग भागात हिमस्खलन झालं, त्यात एका रशियन स्कीअरचा जीव गेला. त्या दिवशी नेमका कोणता थर तुटला यावर मी काही म्हणत नाही. पण जुना उघडा बर्फ, आठवडेच्या आठवडे स्वच्छ थंड रात्री, मग एकदम पश्चिमी विक्षोभ, हा क्रम दिसला की त्या हंगामात कान टवकारलेले ठेवायचे.

दुसरी गोष्ट सूर्याची, आणि इथे आल्प्सवरून लिहिलेली पुस्तकं जशीच्या तशी लागू पडत नाहीत. गुलमर्ग 34 अंश उत्तरेला आहे. 21 डिसेंबरला दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेबत्तीस अंश वर येतो, त्यामुळे त्याहून तीव्र उत्तराभिमुख उतारावर ऊन पोचतच नाही. फेब्रुवारीअखेर तोच सूर्य 48 अंशांपर्यंत चढतो आणि 40 अंशांच्या उत्तर उतारावरही दुपारी तिरकं ऊन यायला लागतं. आल्प्सच्या अक्षांशावर त्या दिवसांत तो 36 अंशांवर असतो. म्हणजे आपल्याकडे दक्षिण बाजूवर वितळ-गोठ लवकर सुरू होते, कडक क्रस्ट (गोठलेलं कवच) बनतो, आणि पुढचा बर्फ त्या क्रस्टवर येऊन बसतो. उत्तर बाजूवर फॅसेट टिकून राहतात. एकाच धारेच्या दोन अंगांना दोन वेगळे प्रश्न असतात आणि एका अंगाच्या खड्ड्यावरून दुसऱ्याबद्दल काहीच सांगता येत नाही.

धारेवर

हिमकण यांनी बर्फाचं सांगितलं, मी जमिनीचं सांगतो. माझं स्पष्ट मत आहे की भारतात, जिथे रोजची निरीक्षणं विरळ आहेत, तिथे उताराची निवड हेच मुख्य हत्यार आहे. बर्फाबद्दल चूक होऊ शकते, पण 25 अंशांचा उतार, ज्याच्या डोक्यावर काही तीव्र नाही, तो सहसा सुटत नाही.

बहुतेक स्लॅब 30 ते 45 अंशांत सुटतात, सर्वांत जास्त 38 च्या आसपास. अडचण अशी की स्कीला सगळ्यात मजेचा उतारही नेमका तिथेच असतो.

नकाशावर मोजायची पद्धत अशी. 1:50,000 चा नकाशा आणि कंटूरमधलं (समान उंचीच्या रेषांमधलं) उंचीचं अंतर 40 मीटर असेल तर दोन रेषांमध्ये 1.4 मिमी म्हणजे 30 अंश, 1 मिमी म्हणजे साधारण 38 अंश, 0.8 मिमी म्हणजे 45. पारदर्शक पट्टीवर या तीन खुणा करून घ्या. कंटूर 20 मीटरचे असतील तर आकडे निम्मे करा. कंटूरचं अंतर नकाशाच्या तळाशी छापलेलं असतं, ते वाचल्याशिवाय मोजायला घेऊ नका.

मोबाइल ॲपमध्ये उताराचे रंग दिसतात त्यांच्यावर मी तेवढा विश्वास ठेवत नाही. आपल्या भागासाठी त्यामागची उंचीची माहिती सहसा 30 मीटरच्या चौकटींची असते. 10-15 मीटरचा तीव्र फुगवटा त्या चौकटीत सरासरी होऊन सपाट दिसतो. ॲप 29 म्हणतं, जागेवर 36 निघतात. आणि स्लॅबची वरची भेग बरेचदा अशाच फुगवट्यावर पडते, कारण तिथे थर ताणलेला असतो. म्हणून प्रत्यक्ष मोजा: स्कीची काठी उताराच्या दिशेने बर्फावर आडवी ठेवायची आणि तिच्यावर फोनचा इन्क्लिनोमीटर (कोनमापक). एका जागी मोजून थांबू नका, वर आणि खालीही मोजा.

आता गुलमर्गपुरतं. अफरवटची गुलमर्गकडे उतरणारी बाजू मुख्यतः ईशान्येला तोंड करून आहे. वादळात वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून आला की धारेपलीकडचा बर्फ उचलून नेमका याच बाजूच्या वरच्या भागात आणून टाकतो. ताशी 25 किमीच्या वर वारा गेला की सुका बर्फ वाहायला लागतो, आणि आभाळातून पडणाऱ्या बर्फापेक्षा कितीतरी पट वेगाने आडोशाला साठतो. गावात 15 सेंमी पडला म्हणून वर 15 सेंमी आहे असं समजू नका. धारेखाली मीटरभर विंड स्लॅब (वाऱ्याने दाबून बसवलेला थर) असू शकतो. धारेवरचे कॉर्निस (धारेबाहेर लटकणारे बर्फाचे छज्जे) कुठल्या बाजूला झुकलेत, खडकांमागे बर्फाच्या शेपट्या कुणीकडे आहेत, पायाखाली बर्फ पोकळ वाजतो का, हे गोंडोलातून उतरल्यापासून पाहत राहा.

आणि घळी. सह्याद्रीत आपल्याला नाळेतून उतरायची सवय असते, वाट नाळेतूनच सापडते. बर्फात तीच नाळ सापळा होते. उघड्या पंख्यासारख्या पसरणाऱ्या उतारावर कंबरभर थर साचेल, तेवढाच बर्फ अरुंद नाळेत आला तर तीन-चार मीटर खोल बसतो. छोटी स्लाइडसुद्धा तिथे प्राण घेते. सोंडेवरून उतरा, नाळ उजवी-डावीकडे ठेवा.

उतरंड

दोघांनाही धन्यवाद. कंटूरची पट्टी लगेच करून घेतो.

तरी खड्ड्याचा विषय सोडायचा नाहीये. ईसीटी नेमकी कशी करायची आणि कुठे चुकते, हे कोणी सविस्तर लिहील का? व्हिडिओ पाहून प्रत्येक जण वेगवेगळं करतो.

हिमकण

जागा आधी. ज्या उतारावर जायचं आहे त्याच दिशेचा, त्याच उंचीचा, पण छोटा आणि खाली मोकळा असलेला उतार शोधा. झाडाला लागून नको (फांद्यांवरून पडलेला बर्फ थर बिघडवतो), जुन्या खुणांवर नको, वाऱ्याने घासलेल्या टोकावर नको. प्रोब चार-पाच ठिकाणी घालून खोली पाहा, सरासरीच्या जवळपासची जागा घ्या. दीड मीटर रुंद, 1.2 ते 1.5 मीटर खोल पुरतो. पाहायची भिंत सावलीत असली पाहिजे. उन्हात पाच मिनिटांत तिचं पृष्ठ बदलतं आणि तापमान चुकीचं येतं.

मग हाताने कडकपणा, वरून खाली. हलक्या, एकसारख्या दाबाने आधी मूठ जाते का ते पाहायचं, नाही गेली तर चार बोटं, मग एक बोट, मग पेन्सिल, मग सुरी. शेजारच्या दोन थरांत मोठी उडी असेल, म्हणजे वर एक बोट आणि खाली मूठ, तर तिथे खूण करा. मऊ थराचे कण काळ्या कार्डावर घेऊन भिंगातून पाहा. टोकदार, चकचकीत, मिलिमीटरच्या वर मोठे असतील तर तो थर आठवडेच्या आठवडे त्रास देणार आहे. तापमान दर 10 सेंमीला घ्या.

ईसीटीसाठी उताराला आडवा 90 सेंमी आणि उताराच्या वरच्या दिशेने 30 सेंमी असा खांब मोकळा करायचा. मागची बाजू गाठी मारलेल्या दोरीने कापायची. सगळ्यात जास्त चूक इथे होते. मागची चीर शंकास्पद थराच्या खालीपर्यंत गेली नाही तर खांब मागून धरलेला राहतो आणि निकाल खोटा चांगला येतो. दोन्ही टोकांना मापाने खूण करून कापा. 90 च्या जागी 75 झालं तर भेग सोपेपणाने पार जाते आणि निकाल खोटा वाईट येतो.

फावड्याचं पातं एका टोकावर सपाट ठेवायचं. मनगटातून 10 टपल्या, कोपरातून 10, खांद्यातून 10. हाताचं वजन पडू द्यायचं, जोर लावायचा नाही. प्रत्येक टपलीला दुसऱ्या एकाने खांबाच्या बाजूकडे पाहत राहायचं. भेग कितव्या टपलीला उठली आणि त्याच किंवा पुढच्याच टपलीला 90 सेंमी पार गेली का, हे लिहायचं. पार गेली तर ईसीटीपी, नुसती फावड्याखाली उठली तर ईसीटीएन, 30 टपल्यांत काहीच नाही तर ईसीटीएक्स. टपल्यांच्या आकड्यापेक्षा शेवटचं अक्षर महत्त्वाचं. 22 व्या टपलीला पार गेलेली भेगही पसरणारीच भेग आहे.

मर्यादा दोन. वरचा थर मुठीइतका मऊ असेल तर पातं आत रुतत जातं आणि चाचणी बाद होते. आणि कमकुवत थर सुमारे मीटरभराहून खोल असेल तर वरच्या टपल्या तिथवर पोचतच नाहीत. मग आलेला ईसीटीएक्स काहीही सिद्ध करत नाही. खोल थरासाठी पीएसटी, म्हणजे करवतीने थर कापत भेग पळते का पाहायची चाचणी: 30 सेंमी रुंद, उताराच्या दिशेने 100 सेंमी लांब खांब (थर 100 सेंमीहून खोल असेल तर लांबी त्या खोलीइतकी), थर आधी ओळखून त्यात करवतीची बोथट बाजू खालून वर ओढायची. करवत निम्म्या अंतराच्या आत असताना भेग पुढे पळून टोकापर्यंत गेली तर तो थर भेग पसरवू शकतो. डेप्थ होअरच्या हंगामात गुलमर्गला हीच चाचणी जास्त उपयोगाची.

मोकळी_वाट

सगळं बरोबर आहे, पण एक गोष्ट ठासून सांगायला हवी. या चाचण्यांचा वापर फक्त नाही म्हणण्यासाठी करा. हो म्हणण्यासाठी कधीच नाही.

खड्डा सांगतो तो एका चौरस मीटरबद्दल. पुढचा उतार दोन-तीन हेक्टरांचा असतो, आणि तेवढ्यात बर्फाची जाडी 40 सेंमीपासून 2 मीटरपर्यंत बदलते. स्लॅब बरेचदा जिथे बर्फ पातळ आहे तिथून, खडकांजवळून सुटतो, कारण तिथे आपलं वजन खालच्या थराला जाऊन भिडतं. म्हणजे खड्डा खणायला आपण जी छान, सरासरी जागा निवडतो तिथे ती कमजोरी दिसणारच नाही. चार जण थंडीत चाळीस मिनिटं खपले, निकाल ईसीटीएन आला, की मन आपोआप उताराच्या बाजूने झुकतं. तो निकाल म्हणजे परवाना, असं गट धरून बसतो.

याउलट काही खुणा फुकट मिळतात आणि खड्ड्याहून वजनदार असतात. त्याच दिशेच्या शेजारच्या उतारावर ताजी स्लाइड. पायाखाली थर बसल्याचा धप्प असा आवाज. स्कीच्या टोकापासून पळत जाणाऱ्या भेगा. 24 तासांत 30 सेंमीहून जास्त नवा बर्फ, वाऱ्यासकट. तापमान झपाट्याने चढणं. यातली एकही दिसली तर खणायचं कशाला? त्या दिवशी 30 अंशांच्या वर जायचं नाही.

हिमकण

मोकळी_वाट, तुमच्याशी बहुतांशी सहमत. फक्त एक जोडतो. कडक थराखाली गाडला गेलेला फॅसेटचा थर काही दिवस वरून एकही खूण देत नाही. ना आवाज, ना भेगा, ना ताज्या स्लाइड. आभाळ निळं, वादळ जाऊन पाच दिवस झालेले. नुसत्या खुणांवर विसंबलं तर नेमका हाच दिवस चुकतो. म्हणून एक मोठा खड्डा खणण्यापेक्षा दिवसभर पाच-सहा छोटे खणा. फावड्याने 60-70 सेंमी, पाच मिनिटांचं काम, ओळखीचा थर इथेही आहे का एवढंच पाहायचं. वादळातला नवा बर्फ साधारण एक-दोन दिवसांत बसतो, फॅसेट मात्र आठवडेच्या आठवडे राहतात. कोणत्या प्रश्नाशी सामना आहे ते ओळखलं की किती दिवस थांबायचं ते ठरतं.

नंदिनी_रानवाटा

स्कीवाल्यांच्या चर्चेत ट्रेकवाल्यांचा मुद्दा मांडते. पुण्या-मुंबईहून, नाशिक-कोल्हापूरहून दर हिवाळ्यात उत्तराखंडातल्या केदारकंठा, ब्रह्मताल, कुआरी पासला किती गट जातात ते आपण सगळे पाहतो. त्यांतल्या बहुतेक गटांकडे ट्रान्सीव्हर नसतो आणि हिमस्खलन ही फक्त उंच शिखरांवरची गोष्ट आहे असं समजतात.

दोन गैरसमज दूर व्हायला हवेत. पहिला, ही फक्त जानेवारी-फेब्रुवारीची गोष्ट आहे. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा गट द्रौपदी का डांडा-2 (5,670 मीटर) या शिखरावर हिमस्खलनात सापडला तो 4 ऑक्टोबर 2022 ला. 27 मृतदेह मिळाले, दोघे बेपत्ताच राहिले. पावसाळ्याच्या शेवटी पाच हजार मीटरच्या वर भरपूर नवा बर्फ असतो. सिक्कीममध्ये नथुला रस्त्यावर सात पर्यटक हिमस्खलनात दगावले ते 4 एप्रिल 2023 ला.

दुसरा गैरसमज, आपण चालतोय ती वाट सोपी आणि सपाट आहे म्हणजे ठीक. वाट सपाट असेल, पण तिच्या डोक्यावर काय आहे? आडवी जाणारी पायवाट 36 अंशांचा उतार मधोमध कापते तेव्हा पाय सपाटीवर आणि डोक्यावर दोनशे मीटर भरलेला उतार असतो.

धारेवर, तंबूची जागा कशी तपासायची ते जरा लिहाल का? गट निघण्याआधी प्रमुखाला विचारता येईल असं काहीतरी.

धारेवर

नंदिनीताई, साधं मोजमाप आहे. तंबूच्या जागेवर उभं राहून वरच्या उताराच्या माथ्याकडे इन्क्लिनोमीटर धरा, म्हणजे जिथून बर्फ सुटू शकतो त्या जागेकडे. कोन 25 अंशांहून जास्त असेल तर ती जागा सरळ वाहत्या पट्ट्यात आहे. 18 ते 25 मध्ये असेल तर मोठ्या वादळानंतर तिथपर्यंत पोचू शकतं. 18 च्या खाली बहुतांशी सुरक्षित. अंतरात सांगायचं तर सुटायची जागा 600 मीटर वर असेल तर 25 अंशांचा अर्थ सुमारे 1,290 मीटर आडवं अंतर आणि 18 अंशांचा सुमारे 1,850 मीटर. लोकांना दोनशे-तीनशे मीटर लांब आलो की पुरे वाटतं. पुरत नाही.

28 फेब्रुवारी 2025 ला बद्रीनाथजवळ माणा इथे सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांच्या वस्तीवर हिमस्खलन आलं. 54 जण होते, आठ दगावले. ती राहायची जागा होती, कोणी शिखर चढत नव्हतं.

झाडांवरून बरंच कळतं. एखाद्या उभ्या पट्ट्यात झाडंच नाहीत आणि दोन्ही बाजूंना जंगल आहे, किंवा भूर्जाची खोडं सगळी खालच्या अंगाला वाकलेली आहेत, किंवा देवदाराच्या वरच्या अंगाच्या फांद्या तुटलेल्या आहेत, तर तो पट्टा स्लाइडचा आहे. तिथे तंबू लावायचा नाही, जेवायला बसायचं नाही, फोटोसाठी गट थांबवायचा नाही. ओलांडायचाच असेल तर एकेक जण, बाकीचे दोन्ही काठांच्या जंगलात. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढून घ्या, अडकलेली काठी माणसाला खाली ओढते.

चारशेसत्तावन

बचावाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसाला 10 मिनिटांत बाहेर काढलं तर वाचण्याची शक्यता 90 टक्क्यांच्या आसपास असते. 30-35 मिनिटांपर्यंत ती साधारण एक तृतीयांशावर येते. गुलमर्गलासुद्धा खालून मदत पोचायला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे बचाव करणारे तुम्ही चौघेच, खरं तर उरलेले तिघे.

ट्रान्सीव्हर 457 किलोहर्ट्झवर चालतात, कंपनी कोणतीही असो. सकाळी निघताना गटाची तपासणी: एक जण शोधण्यावर, बाकीचे पाठवण्यावर, एकेक करून पुढून जायचं, मग उलट. बॅटरी अल्कलाइन, त्याच पाकिटातल्या, 60 टक्क्यांच्या खाली आली की बदलायची. यंत्राच्या पुस्तिकेत लिथियम चालतं असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ती घालू नका, कारण लिथियमची पातळी यंत्राला चुकीची दिसते आणि ती अचानक संपते. फोन, कॅमेरा, विजेवर गरम होणारे हातमोजे पाठवताना 20 सेंमी लांब, शोधताना 50 सेंमी. चुंबकाच्या बटणांची जाकिटंही यातच धरा.

स्लाइड थांबली की आधी वर पाहा, अजून काही सुटायचं राहिलंय का. माणूस शेवटचा कुठे दिसला ती जागा डोक्यात पक्की करा. मग सगळ्यांचे ट्रान्सीव्हर शोधण्यावर. एकाचा जरी पाठवण्यावर राहिला तर सगळे त्याच्याभोवती फिरत राहतात. पहिला संकेत मिळेपर्यंत भराभर, यंत्राच्या पुस्तिकेतल्या पट्टीच्या रुंदीने. यंत्रावरचा अंतराचा आकडा 3 मीटरच्या खाली आला की वेग एकदम कमी, यंत्र बर्फाला टेकवून, दिशा न बदलता, आधी एका रेषेत मग तिला आडवं. सर्वांत कमी आकड्यावर प्रोब, बर्फाच्या पृष्ठाला काटकोनात, 25 सेंमीच्या अंतराने गोल गोल बाहेर. लागला की प्रोब तिथेच ठेवायचा, उपटायचा नाही.

खणण्यातच सर्वांत जास्त वेळ जातो आणि सराव त्याचाच सर्वांत कमी होतो. थांबलेला बर्फ घट्ट बसतो, मीटरभर खोलीसाठी टनाहून जास्त बर्फ हलवावा लागतो. प्रोबवर उभं राहून सरळ खाली खणू नका. खोलीच्या दीडपट अंतर उताराच्या खाली जा आणि आडवे आत या. एक पुढे तुकडे पाडणारा, दोघं मागे बर्फ ओढून खाली ढकलणारे, दर दोन-तीन मिनिटांनी जागा बदल. फावडं धातूचं हवं, प्लॅस्टिकचं अशा बर्फात मोडतं. आधी चेहरा मोकळा, तोंडातला बर्फ बाहेर. श्वास नसेल तर आधी पाच श्वास द्या, मग छातीवर 30 दाबांना 2 श्वास. इथे मुळात गुदमरणं झालेलं असतं.

मोकळी_वाट

एअरबॅग (ओढताच फुगून माणसाला बर्फाच्या वर ठेवणारी पिशवी) नेणार असाल तर सिलिंडरसाठी विमान कंपनीची मंजुरी आधी काढा. विमानतळावर समजावत बसायची वेळ येऊ देऊ नका. आणि एअरबॅग नाळेत किंवा झाडांत फारशी मदत करत नाही.

नंदिनी_रानवाटा

आणि उपग्रह संदेश यंत्र? परदेशातले स्कीअर सर्रास वापरतात.

चारशेसत्तावन

भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगणं बेकायदेशीर आहे, विमानतळावर लोकांना अडवून कारवाई झालेली आहे. नेऊ नका. जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड चालतं. चौघांत किमान दोन वेगवेगळ्या कंपन्यांची पोस्टपेड सिम ठेवा, आणि कुठे संकेत मिळतो ते पहिल्या दिवशी नकाशावर टिपून घ्या. 112 आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा 1077 सगळ्यांच्या फोनमध्ये. सकाळी हॉटेलवर किंवा पेट्रोलकडे कागदावर लिहून द्या: कोणत्या सोंडेवरून उतरणार, किती वाजेपर्यंत परत.

उतरंड

सगळं वाचून आराखडा बदलला. पहिले दोन दिवस फक्त हद्दीच्या आत, रोज सकाळी पेट्रोलशी बोलून. वादळ आलं तर नंतर 48 तास 30 अंशांच्या खाली. गाडलेला फॅसेटचा थर एकाही छोट्या खड्ड्यात सापडला तर पूर्ण आठवडा 30 च्या खाली. नाळा बाद, फक्त सोंडा. एकेक जण, थांबायच्या जागा आधी ठरवलेल्या. चौघांतला एक जरी नको म्हणाला तर नको, कारण विचारायचं नाही. शेवटचा उतार दुपारी 3 वाजता.

धारेवर

आराखडा चांगला आहे, दोन दुरुस्त्या. 30 च्या खाली म्हणताना तुम्ही उभे आहात तेवढाच उतार धरू नका. त्याला वरून जोडलेला 35 चा उतार असेल तर तुमच्या पायाखाली थर बसल्यावर उठलेली भेग खालून वर जाते आणि वरचा उतार तुमच्यावर सुटतो. फॅसेटच्या दिवसांत दूरवरून सुटण्याचे प्रकार याच कारणाने होतात. म्हणजे 30 च्या खाली, आणि डोक्यावरही काही नाही, असं लिहा.

दुसरी, दुपारी 3 ची वेळ उत्तर-ईशान्य बाजूवर गार दिवशी ठीक. पण फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री ढग राहिले तर बर्फ गोठतच नाही, आणि पूर्व-आग्नेय उतार सकाळी 10-11 लाच ओले होतात. हातमोज्यात बर्फ दाबून पाहा. गोळा झाला तर सावध व्हा, बोटांतून पाणी निथळलं तर तो उतार आणि त्याच्या खालचा पट्टा त्या दिवसापुरता सोडा. बूट घोट्याच्या वर रुतायला लागला तरी तोच नियम. परतीची वाट पूर्वेकडच्या कोणत्या उताराखालून जाते ते नकाशावर पाहून तिथली वेळ वेगळी लिहून ठेवा.

उतरंड

परतीच्या वाटेचा शेवटचा टप्पा खरंच एका आग्नेय उताराच्या पायथ्याने जातो. वरचा कोन नकाशावर मोजला, 27 अंश येतो. वाट बदलून जंगलाच्या सोंडेवरून घेतोय. अर्धा तास जास्त लागेल, म्हणून शेवटचा उतार 3 ऐवजी 2 ला.